शिकवणीच्या खोलीचे दार

बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या प्रौढांबरोबर काम करणाऱ्या गटाची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने येते, ते समुपदेशक मला एक प्रश्न हमखास विचारतात : गटातल्या एखाद्याची ऐकून ऐकून झोप उडाली, तर तो या कामासाठी कच्चा आहे असे समजायचे का? उत्तरादाखल मी त्यांना माझ्या एका सहकारी समुपदेशिकेबद्दल सांगते. तिच्या संमतीने, आणि कोणाचीही ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, ते इथे लिहीत आहे.

आमच्या सात जणांच्या गटात ती सर्वांत जाणती होती आणि म्हणूनच, पहिल्यांदा तोंड उघडणारी व्यक्ती आली की ती तिच्याकडे सोपवायची, असा माझा शिरस्ता पडून गेला होता. तिच्या नोंदवहीत पन्नास मिनिटांची सत्रे नव्वद मिनिटांवर गेलेली स्पष्ट दिसत होती आणि त्याखाली दर महिन्याला माझी सही होती. माझ्या लक्षात आले ते मात्र भलत्याच गोष्टीवरून. एकदा जेवणानंतर डबा धुता धुता ती म्हणाली, "ताई, मुलीला शेजारच्या काकांकडे गणिताला पाठवणं मी बंद केलंय. तसं काही झालेलं नाही. पण ते दार लोटून घेतात, ते मला बघवत नाही."

ही आईची रास्त काळजी आहे, असे मला वाटले आणि त्यात चूक नव्हती. पण पुढे ती म्हणाली की, भाऊबीजेला सख्ख्या भावाने भाचीला मांडीवर घेतले, तेव्हा तिचे हात गार पडले. हा कामाचा शीण नव्हता, कारण आठ दिवसांची रजा घेऊनही त्यात काही फरक पडला नव्हता. दुसऱ्याच्या आघाताचे तपशील सतत ऐकल्याने ऐकणाऱ्याचीच माणसांवरच्या विश्वासाची घडी विस्कटते, हे मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडले होते. मी ते प्रशिक्षणात शिकवतही होते, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

अधिक विचारल्यावर खरी गाठ सापडली. तिच्याकडे येणाऱ्या एका बाईंवर ज्या नातेवाइकाने अत्याचार केले होते, त्याच्याच घरात आता एक लहान मुलगी राहत होती आणि "हे कोणालाही सांगायचे नाही" असे त्या बाईंनी बजावले होते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, मुलावर असा गुन्हा घडण्याची शक्यता वाटत असेल, तर ते कळवणे बंधनकारक आहे. एकीकडे ते बंधन आणि दुसरीकडे दिलेला शब्द, अशा कात्रीत तिने तीन आठवडे एकटीने काढले होते. आम्ही त्याच दिवशी वकिलांशी बोललो आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईंना बोलावून, काय कळवावे लागेल, का आणि कोणाला, हे आडपडदा न ठेवता सांगितले. त्या चिडल्या, रडल्या. पण पोलिसांकडे जाताना स्वतःहून आमच्याबरोबर आल्या. गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगितली असती, तर त्यांना आपला विश्वासघात झाल्यासारखे वाटले नसते. आता ती आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो.

कच्ची ती नव्हती. कामाची वाटणी कच्ची होती आणि ती मी केली होती. आता आघाताच्या केसेसबरोबर प्रत्येकाकडे इतर प्रकारच्याही केसेस असतात. दर बुधवारी आम्ही बसतो तेव्हा अत्याचाराचे वर्णन पुन्हा सांगायचे नसते, ते ऐकताना आपले काय झाले एवढेच बोलायचे असते. माझे बोलणे मी बाहेरच्या एका ज्येष्ठ समुपदेशकांकडे करते, कारण गटप्रमुखाने गटावरच मन मोकळे करणे मला योग्य वाटत नाही.

ती अजून आमच्याकडेच आहे. मुलीची शिकवणीही पुन्हा सुरू झाली, दार उघडे ठेवायला तिने काकांना स्वतःच सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "बरंच झालं, वारं येईल."