अमृताची तारीख आणि हनुवटीवरचे केस

प्रिय मावशी,

मी 17 वर्षांची, नांदेडची. बारावी सायन्सला आहे, नीटचा क्लासही चालू आहे. आम्ही दखनी शीख, कित्येक पिढ्या इथेच गेल्या. घरात सगळ्यांचे केस साबत, म्हणजे कधीच न कापलेले आहेत. शाळेत असताना माझ्या वेणीचा सगळ्यांना हेवा वाटायचा. आता केस ओठावर येतात, कानशिलांवर येतात, हनुवटीवर तर चांगले जाड येतात. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने माझा फोटो मोठा करून टाकला आणि खाली लिहिलं, 'सरदारजी आले, बारा वाजले.' हसणाऱ्यांत माझी मैत्रीणही होती.

आमच्या घरात ब्लेडसुद्धा नाही. म्हणून मी केमिस्टकडून केस काढायची क्रीम आणली आणि मम्मी बाहेर गेल्यावर लावली. हनुवटी भाजल्यासारखी लाल झाली, खपली धरली. ॲलर्जी आहे म्हणून वेळ मारून नेली. एकदा दादीला थ्रेडिंगचं विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली, "भाई तारूसिंगांनी खोपडी दिली पण केस दिले नाहीत, आणि तू पोरांच्या हसण्याला भितेस?" मम्मी काहीच बोलली नाही. मम्मीच्या भुवया मात्र नेहमी अगदी रेखीव असतात. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

खरं सांगू का, केस हे निमित्तच आहे. रहरास, म्हणजे संध्याकाळचा पाठ, म्हणताना माझं मन कुठेच नसतं. अरदासीला, म्हणजे प्रार्थनेला, हात जोडून उभी असते आणि वाटतं, कुणी ऐकतंय का? गुरू नानकांनी जानवं नाकारलं, मग आमच्यावर केसांची सक्ती का? गुरू ग्रंथ साहिबात कबीरजींचाच सलोक आहे की वाटलं तर लांब केस ठेव, वाटलं तर मुंडण कर. येत्या बैसाखीला मी आणि भावाने अमृत घ्यायचं, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घ्यायची, असं पापांनी ठरवलंय. मी ढोंगी आहे का? थ्रेडिंग केलं तर मी शीख उरणार नाही का? पाळीपण दोन-दोन महिने येत नाही, सगळं टेन्शनच आहे.

– नांदेडची एक मुलगी

पोरी,

तुझ्या पत्रातल्या सगळ्यात तातडीच्या दोन गोष्टी तू जाता जाता लिहून मोकळी झालीस. पाळी दोन-दोन महिने येत नाही, ही एक. बैसाखीला अमृत घ्यायचं पापांनी ठरवलंय, ही दुसरी. देव आहे की नाही हा प्रश्न एवढी वर्षं थांबलाय, आणखी थोडा थांबेल. या दोन थांबणार नाहीत.

आधी पाळीचं बघू. पाळी लांबते आणि हनुवटीवर जाड, राठ केस येतात, या दोन गोष्टी जोडीने आल्या की स्त्रीरोगतज्ज्ञ पहिल्यांदा पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडण्याचा एक त्रास, आहे का ते बघतात. तुला तेच आहे असं मी म्हणत नाही. थायरॉईडपासून इतरही कारणं असू शकतात. पण टेन्शनवर ढकलून सोडून देण्यासारखं हे नाही. रक्ताच्या तपासण्या होतील, बहुधा सोनोग्राफी होईल. पीसीओएस निघालाच तर औषधं आहेत, खाण्यापिण्याची आणि व्यायामाची शिस्त आहे. चेहऱ्यावरच्या केसांवर औषधाचा परिणाम दिसायला सहा महिनेही लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत आरशाशी भांडू नकोस. आणि ती क्रीम फेकून दे. कातडी पुन्हा सोलवटली तर डाग राहतील.

हे औषध घेणं म्हणजे केस कापणं नव्हे, एवढं तुझ्या लक्षात आलं ना? बिघडलेले हार्मोन्स ताळ्यावर आणायला गोळी घ्यायची आणि मधुमेहाला घ्यायची, यात केसांच्या मर्यादेचा संबंध कुठे येतो? दादींनासुद्धा यात अडचण वाटू नये. हनुवटीवरचा प्रत्येक केस हा श्रद्धेचा प्रश्न नसतो. काही केस हा नुसता डॉक्टरचा प्रश्न असतो.

आता अमृत. मी शीख नाही, तेव्हा तुझ्या धर्माचा निवाडा करायला बसले तर तो आगाऊपणा होईल. पण शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने 1945 साली मंजूर केलेली रहित मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, छापील आहे, कुणालाही वाचता येते. तुमच्या हजूर साहिबची मर्यादा काही बाबतींत वेगळी चालते हे मला माहीत आहे, तरी हा कागद तू वाचच. शिखाने आपल्या मुलामुलींचे केस साबत ठेवावेत, असं त्यात आहे. म्हणजे आजवर तुझे केस राखण्याचं कर्तव्य मम्मी-पापांचं होतं आणि त्यांनी ते पार पाडलं. अमृत घेतलंस की ते तुझं होतं. केसांची बेअदबी ही चार मोठ्या कुरहितांपैकी, म्हणजे निषिद्ध गोष्टींपैकी, एक आहे. अमृतानंतर त्यांतली एखादी घडली तर पाच प्याऱ्यांपुढे, म्हणजे अमृत देणाऱ्या पाच शिखांपुढे, पेश होऊन पुन्हा अमृत घ्यावं लागतं. क्लासहून येताना वाटेत करून टाकलेलं थ्रेडिंग, एवढी साधी गोष्ट मग ती राहत नाही.

त्याच मर्यादेत असंही आहे की अमृत घेणारा अगदी लहान वयाचा नसावा, त्याने होश सांभाळलेला असावा. आणि अमृत देण्याआधी पाच प्याऱ्यांपैकी एकजण शीख धर्माचे नियम समजावून सांगतो आणि समोरच्याला विचारतो की हे तुम्हाला खुशीने मान्य आहे का. त्या प्रश्नाला तुझ्या वतीने पापा उत्तर देऊ शकत नाहीत. 1699 च्या बैसाखीला आनंदपुरात गुरू गोविंदसिंगांच्या हाकेला जे पहिले पाचजण उठले, ते कुणी ढकलले म्हणून उठले नव्हते. त्यातले भाई साहिबसिंग बिदरचे, म्हणजे तुमच्या नांदेडच्या शेजारचेच.

तू ढोंगी आहेस का विचारतेस. मन नसताना अरदासीला उभी राहतेस म्हणून? छे. रोज कानावर पडणारी अरदास एकदा नीट ऐक. 'सिक्खां नूं सिक्खी दान, केस दान, रहित दान, बिबेक दान, विसाह दान, भरोसा दान…' केस मागितलेत, विवेक मागितलाय आणि भरोसाही मागितलाय. ज्याच्यापाशी भरोसा काठोकाठ भरलेला आहे, तो रोज उठून मागेल कशाला? ज्या दिवशी तुझ्यापाशी तो नसेल त्या दिवशी त्या रांगेत उभं राहायचा तुझा हक्क कमी होत नाही. उलट मागणाऱ्यांच्या रांगेत मागणारीच उभी आहे. मनात शंका असताना पापांना बरं वाटावं म्हणून पाच प्याऱ्यांपुढे 'मान्य' म्हणालीस, तर मात्र ते ढोंग होईल. आणि त्याचा सल तुलाच राहील, पापांना नाही.

तेव्हा पापांशी बोलायचं. रात्री जेवून ते जरा टेकले की बोल. सगळ्यांदेखत नको. भावाला बरोबर घेऊ नकोस. त्याचं त्याला ठरवू दे. शब्द सुचत नसतील तर असं म्हण: "पापा, अमृत ही मोठी गोष्ट आहे म्हणूनच मी या बैसाखीला घेणार नाही. माझ्या मनात प्रश्न आहेत. ते सुटले की मी स्वतःहून सांगेन." 'कधीच घेणार नाही' असं म्हणू नकोस, कारण ते तुलाही माहीत नाही. ते चिडतील कदाचित. दोन दिवस अबोला धरतील. तारीख हुकली म्हणून अमृताचं महत्त्व कमी झालं, असं कुठलाही जाणता शीख म्हणणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

कबीरांचा सलोक तू अर्धाच उचललास. पूर्ण असा आहे: 'कबीर प्रीति इक सिउ कीए आन दुबिधा जाइ, भावै लांबे केस करु भावै घररि मुडाइ.' त्या एकावर प्रीती जडली की बाकीची दुविधा जाते, हे आधी आहे. केस वाढव नाहीतर भादर, हे त्यानंतर. तुझी अडचण पहिल्या ओळीची आहे आणि तू दुसरी घेऊन निघालीस. जानव्याचा प्रश्न मात्र चोख आहे. तो दाबून ठेवू नकोस, पापांना विचार, जाणत्या ग्रंथींना विचार. शीख मंडळी त्याचं एक उत्तर देतात ते असं, की जानवं बाहेरून अंगावर चढवतात आणि ते सगळ्यांना मिळतही नव्हतं. केस जन्मासोबत येतात, राजालाही आणि भंग्यालाही, बाईलाही आणि बाप्यालाही. त्यात हात घालायचा नाही, साबत सूरत राहायचं. तुला हे पटेल किंवा पटणार नाही. पण ऐकून मग नाकार. न ऐकता नाकारलेल्या गोष्टी पुढे फार छळतात.

दादींची गोष्ट तुला लागली, लागणारच. कोवळ्या वयाच्या मुलीला हुतात्म्याशी तोलायचं नसतं. पण गोष्ट मोठी आहे. 1745 साली लाहोरात, झकारिया खानाच्या अमलात भाई तारूसिंगांवर जबरदस्ती होत होती आणि आपल्या केसांचं काय करायचं हे सुभेदाराला त्यांनी ठरवू दिलं नाही. मग तुझ्या हनुवटीचं काय करायचं, हे ग्रुपवरच्या त्या दीडशहाण्याने का ठरवावं? एखाद्या दिवशी शांत मनाने, नीट विचार करून तू थ्रेडिंग केलंस तर तो तुझा निर्णय. त्याच्या एका ओळीमुळे रडत पार्लरमध्ये शिरलीस तर तो त्याचा. त्या पोस्टचा स्क्रीनशॉट मात्र काढून ठेव आणि क्लासच्या संचालकांना दाखव. 'जाऊ दे' म्हणून सोडायची ही गोष्ट नाही. धर्मावरून आणि चेहऱ्यावरून एकाच ओळीत हिणवलंय त्याने. मैत्रिणीला एकदा तोंडावर विचार, का हसलीस म्हणून. तिचं उत्तर ऐकलंस की मैत्री ठेवायची की नाही ते कळेल.

थ्रेडिंग केलं तर शीख उरणार नाही का? मर्यादेच्या पुस्तकातलं उत्तर आणि घराघरांतलं उत्तर वेगवेगळं आहे. पुस्तकात शिखाने नाक-कानही टोचू नयेत असं आहे. दादींच्या कानांकडे एकदा बघ. (बघ म्हणाले, बोल म्हणाले नाही.) ज्याने त्याने आपापल्या जागी थोडी सवलत घेतलेली असते आणि दुसऱ्याची सवलत तेवढी डोळ्यांत खुपते, हे सगळ्या धर्मांत चालतं, आमच्या चातुर्मासातही. केस न राखणारे, तरीही गुरूंना मानणारे सहजधारी आहेत. पण त्यांना किती हक्क द्यायचे यावर पंथात वाद आहे. 2016 च्या कायदादुरुस्तीने शिरोमणी समितीच्या निवडणुकीतलं त्यांचं मत गेलं. आणि तू नीट देणार आहेस म्हणून सांगते: शीख अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेशाचा विचार असेल तर नियम आधी वाच. शिरोमणी समितीच्या वैद्यकीय महाविद्यालयात भुवया कोरल्याच्या कारणावरून मुलींचा या कोट्यातला प्रवेश नाकारला गेला होता आणि 2009 साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने न कापलेले केस हा शीख धर्माचा अविभाज्य भाग आहे असं म्हटलं. मला तो निकाल कठोर वाटतो. पण माझ्या वाटण्याने तुला प्रवेश मिळणार नाही.

राहता राहिली मम्मी. तिच्या भुवया तू बघितल्यास आणि विचारलं नाहीस, हे फार शहाणपणाचं केलंस. यापुढेही ते हत्यार म्हणून काढू नकोस, भांडणात तर मुळीच नाही. ती गप्प बसली ती तुझ्याशी असहमत होती म्हणून असेलच असं नाही. सासूसमोर बोलणं अवघड असेल. रविवारी केस धुऊन झाले की ती तुझे केस सोडवायला बसते ना? तेव्हा तू तिच्याकडे पाठ करून बसलेली असतेस आणि अशा वेळी बोलणं सोपं जातं. पाळीपासून सुरुवात कर. मग क्रीमचं खरं सांगून टाक. ती कदाचित कंगवा थांबवून तुझी हनुवटी बघेल, कदाचित ओरडेल. भुवयांचं सांगायचं की नाही ते तिच्यावर सोड.

आणि डॉक्टरकडे तिलाच घेऊन जा. जाण्याआधी गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा आठवतील तशा एका कागदावर लिहून ठेव, कारण पहिला प्रश्न तोच असतो आणि ऐन वेळी एकही आठवत नाही. क्लासचा खाडा झाला तर होऊ दे.

– मावशी