एक अँटेना की दोन?

प्रश्न : वाहनाचे स्थान कळवणारे छोटे उपकरण आम्ही तयार करीत आहोत. त्याचा सर्किट बोर्ड ७० मि.मी. लांब व ४५ मि.मी. रुंद असून त्यावर जीपीएस आणि ४जी दोन्ही आहेत. जागा वाचवण्यासाठी दोहोंना एकच अँटेना वापरता येईल का? सध्याच्या नमुन्यात माहिती पाठवणे सुरू होताच उपग्रह हरवतात, ते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही वारंवारतांवर चालणारा एकच अँटेना घडवता येतो, परंतु तुमच्या उपकरणासाठी तो मी सुचवणार नाही, कारण या दोन कामांच्या गरजा वेगळ्या आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाच्या, म्हणजे विद्युत क्षेत्राची दिशा उजवीकडे फिरत पुढे जाणाऱ्या, लहरी पाठवतात. त्यासाठी आकाशाकडे तोंड असलेला, त्याच ध्रुवणाचा अँटेना हवा. मोबाइलचा टॉवर क्षितिजाच्या बाजूला असतो आणि तेथे साधे रेषीय, म्हणजे एकाच रेषेत राहणारे, ध्रुवण चालते. अशा रेषीय अँटेनाने जीपीएस घेतल्यास निम्मी शक्ती वाया जातेच, शिवाय इमारतींवरून परावर्तित होऊन बहुतांशी उलट्या ध्रुवणाने येणाऱ्या लहरी गाळण्याची सोयही उरत नाही. फोनमध्ये ही तडजोड पत्करतात. वाहनाच्या नोंदीत ती पत्करू नये.

उपग्रह हरवण्यामागे बहुधा शक्तीतील तफावत आहे. जमिनीवर पोहोचणारा जीपीएसचा संकेत सुमारे उणे १२८ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत शक्ती मोजणारे लॉगरिथमिक एकक) इतका क्षीण असतो, तर शेजारचे ४जी मॉड्यूल २३ डीबीएमपर्यंत, म्हणजे ०.२ वॅटने, प्रसारण करते. हा फरक दीडशे डेसिबलचा, म्हणजे १० च्या १५व्या घाताइतका आहे. मॉड्यूल २जीवर उतरले तर ९०० मेगाहर्ट्झला शिखरशक्ती २ वॅटपर्यंत जाते. यातील थोडा अंश जरी आत शिरला तरी जीपीएसचा पहिला ॲम्प्लिफायर संपृक्त होतो, म्हणजे क्षीण संकेत नीट वाढवू शकत नाही. म्हणून सॉ फिल्टर (ठरावीक वारंवारताच आत सोडणारी चाळणी) ॲम्प्लिफायरच्या आधी बसवावा. त्यात संकेताची थोडी हानी होते, ती सोसावी.

जीपीएससाठी २५ मि.मी. चौरस सिरॅमिक पॅच (चपटा अँटेना) वरच्या बाजूस, आकाशाकडे तोंड करून ठेवावा. हवेत अर्धी तरंगलांबी ९५ मि.मी. भरते; परवैद्युतांक (पदार्थात तरंगलांबी किती आखूड होते ते ठरवणारा अंक) २० असलेल्या सिरॅमिकमध्ये ती २१ मि.मी.वर येते. मात्र आकार घटवण्याची किंमत मोजावीच लागते : अँटेना तरंगलांबीच्या तुलनेत जितका लहान, तितकी त्याची बँडविड्थ (तो ज्यावर नीट चालतो तो वारंवारतांचा पट्टा) अरुंद किंवा कार्यक्षमता कमी, ही मर्यादा विद्युत अभियंते एल. जे. चू यांनी १९४८ साली गणिताने मांडली. पॅचची बँडविड्थ इतकी अरुंद असते की प्लास्टिकचे झाकण जवळ आले तरी त्याची वारंवारता खाली सरकते, त्यामुळे वारंवारतेची जुळणी झाकण लावूनच करावी.

४जीचा अँटेना पॅचपासून दूरच्या टोकाला न्यावा. ८५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ९ सें.मी. होते आणि बोर्डावरील तांब्याचा ग्राउंडही (सलग थर) प्रसारणात भाग घेतो, म्हणून ७० मि.मी. लांबी अपुरी आहे. बोर्ड १०० मि.मी.पर्यंत वाढवता आल्यास खालच्या बँडमध्ये स्पष्ट फायदा होईल. न आल्यास बाहेरचा अँटेना घ्यावा.

नाविक या भारताच्या उपग्रह दिशादर्शन प्रणालीचा एल-५ संकेत ११७६.४५ मेगाहर्ट्झवर असल्याने तो हवा असल्यास दुसरा पॅच लागेल.

बदल करण्यापूर्वी उघड्या मैदानात ४जीचे प्रसारण बंद ठेवून प्रत्येक उपग्रहाचे संकेत-गोंगाट प्रमाण नोंदवावे आणि मग सतत माहिती पाठवत तेच पुन्हा नोंदवावे. सर्वच उपग्रहांचे आकडे एकदम घसरले, तर दोष फिल्टर किंवा अंतराचा आहे. प्रसारण बंद असतानाही ते कमीच राहिले, तर पॅचची जुळणी तपासावी.