फिश टँकमधल्या टायगर लोटस या पाणवनस्पतीची पानं सारखी पृष्ठभागावर जाऊन टँक झाकून टाकतात, छाटणी कशी करावी?

वर निघालेलं प्रत्येक पान देठासकट, कंदाच्या अगदी जवळून कापा. फक्त वरचा भाग कापू नका. ही मूळची पश्चिम आफ्रिकेतली वॉटर लिलीच्या (कुमुदाच्या) कुळातली वनस्पती, त्यामुळे पृष्ठभाग गाठून उजेड अडवणं हा तिचा स्वभावच आहे. लांब देठाची पानं वेळेवर काढत राहिलात तर कंद आखूड देठाची, पाण्याखालीच राहणारी पानं काढू लागतो आणि झुडूप बसकं, भरगच्च होतं. अर्धवट कापलेला देठ मात्र कुजतो, पाणी खराब करतो. धारदार, लांब कात्री घ्या; पान ओढून तोडायला जाल तर अख्खा कंदच वाळूतून वर येईल. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं काढू नका, कारण कंदातला साठा पानांच्याच जोरावर भरतो. फूल हवं असेल तर मात्र वरची काही पानं राखावी लागतील.

शेजारी ॲपोनोजेटॉन ही कंदातून वाढणारी दुसरी पाणवनस्पती असेल तर तिची बाहेरची जुनी पानंच काढा, मधला कोंब जपा. तिची सगळीच पानं एकदम झडली तरी कंद टाकू नका. चाचपून पाहा: टणक लागला तर तो विश्रांती घेतोय, पुन्हा फुटेल.