कॅनडाला येण्यापूर्वी: काचेच्या प्रोफाइल शटरांचे कोपरे, खाच आणि शून्य

आपण लिहिले आहे की ओंटारिओतील एका किचन कॅबिनेटच्या कारखान्याने आपल्याला व्हिडिओवर मुलाखतीसाठी बोलावले असून काचेची प्रोफाइल शटरे (कपाटाची काच बसवलेली, कडेला उतार किंवा वळण कोरलेली दारे) कशी काढता हे ते विचारणार आहेत. आणि भोसरीतील आपल्या सध्याच्या राउटरवर (फिरत्या कटरने फळी कापणाऱ्या संगणकी यंत्रावर) नेमकी हीच शटरे त्रास देत आहेत, म्हणजे आतले कोपरे गोल राहतात, मधला तुकडा सुटून कटरवर आदळतो आणि कधीकधी काच खाचेत बसतच नाही. मला सांगली सोडून दहा वर्षे झाली आणि त्यांतली सात मी इथे हेच काम करतो आहे. त्यामुळे व्हिसाचे शेवटी लिहितो. आधी आपल्या तक्रारींकडे वळतो, कारण मुलाखत घेणाऱ्यालाही त्यांतच रस असेल. एक किरकोळ सूचना आधीच करतो: आपल्याकडे ज्याला शटर म्हणतात त्याला इथे डोअर म्हणतात, आणि शटर म्हटले की हे लोक खिडकीची झडप समजतात.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी शोध घेताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो, तो म्हणजे माप कोठून घेतले. अखंड एमडीएफमधून (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीतून) शटर काढताना समोरच्या बाजूने प्रोफाइल, मागच्या बाजूने काचेची खाच आणि मग आरपार काप अशी तीन कामे होतात, आणि बहुतेक ऑपरेटर तिन्हींसाठी झेडचे, म्हणजे खोली जिथून मोजायची ते, शून्य एकाच ठिकाणी ठेवतात. शीटची जाडी कागदावर १८ मिमी असली तरी प्रत्यक्षात ती थोडी कमीजास्त भरते. शून्य टेबलावर धरून समोरचे प्रोफाइल काढले, तर तो सगळा फरक प्रोफाइलच्या खोलीत उतरतो, आणि शेजारी टांगलेल्या दोन शटरांवरची बारीक पायरी एकीकडे ठसठशीत तर दुसरीकडे पुसट दिसते. म्हणून दर्शनी पृष्ठभाग हेच शून्य मानावे. दर्शनी बाजू वर असेल तेव्हा शून्य शीटच्या माथ्यावर घ्यावे, आणि ती खाली असेल, म्हणजे खाच काढताना, टेबलावर घ्यावे, म्हणजे काचेपुढे उरणारा ओठ प्रत्येक शटराला सारख्याच जाडीचा राहतो. आरपार कापाचे शून्य मात्र नेहमी टेबलावरच असावे.

आता मधल्या तुकड्याविषयी. आपल्या वर्णनावरून आपण समोरून प्रोफाइल आणि आरपार काप आधी करता, आणि सुटे शटर उलटून मग खाच काढता. तसे केल्यास व्हॅक्यूमला (शीट टेबलावर ओढून धरणाऱ्या शोषणाला) धरायला फक्त साठेक मिमी रुंदीच्या पट्ट्या उरतात. त्या थरथरतात आणि खाचेच्या कडेवर लाटा उमटतात. मी क्रम उलटा ठेवतो: अखंड शीट पालथी घालून आधी खाच काढतो, पण खिडकीचा सगळा भाग खोल न करता कडेकडेने फक्त एक बंद कडी काढतो, म्हणजे मधला भाग पूर्ण जाडीचा राहतो. त्याच वेळी टाकाऊ भागात ८ मिमीची दोन छिद्रे पाडतो. शीट सुलटी केल्यावर त्या छिद्रांतल्या पिना ती जागेवर धरतात, कारण शीटच्या कडेवर विसंबून उलटापालट केली की चूक दुप्पट होते. समोरून खिडकी कापताना कटर त्या कडीत मोकळा होतो, त्याला टेबलापर्यंत जावेच लागत नाही, आणि मधला तुकडा स्वतःच्या पूर्ण क्षेत्रफळावर व्हॅक्यूमने घट्ट बसून राहतो. बारीक चौकटींच्या शटरात मात्र प्रत्येक खिडकीचा तुकडा लहान असल्याने ही पकड पुरत नाही. तिथे दोनतीन टॅब (न कापलेले छोटे दुवे) सोडावेत आणि नंतर हाताने कापावेत. बाहेरचा काप पहिल्या फेरीत ०.४ मिमीचा पापुद्रा ठेवून घ्यावा आणि शेवटच्या फेरीत सोडवावा.

काच न बसण्याची गोष्ट मी स्वतःच्या खिशातून शिकलो आहे असे म्हटले तरी चालेल, कारण दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून चौदा शटरे अडकली होती. काच खाचेपेक्षा प्रत्येक बाजूने १.५ मिमी लहान मागवली होती, कॅलिपरने खाचेची लांबी-रुंदी अचूक भरत होती, आणि तरीही प्रत्येक काच चारही कोपऱ्यांवर टेकून तरंगत होती. फोरमनने आवाज चढवला नाही. त्याने एक काच उचलून तिचा कोपरा खाचेच्या कोपऱ्यावर धरला आणि मला फक्त बघायला सांगितले. खाच अर्ध्या इंचाच्या कटरने काढली होती, त्यामुळे तिच्या कोपऱ्याची त्रिज्या ६.३५ मिमी होती, आणि चौकोनी काचेचे टोक त्या गोलाईत मावत नव्हते. हिशोब सोपा आहे: प्रत्येक बाजूची मोकळीक कटरच्या त्रिज्येच्या किमान ०.२९३ पट हवी. अर्ध्या इंचाच्या कटरला ती १.८६ मिमी होते, म्हणून माझ्या १.५ मिमीने घात केला. पाव इंचाच्या कटरला ०.९३ मिमी होते, म्हणजे तीच काच सहज बसली असती. टफन केलेली काच नंतर कापता किंवा घासून लहान करता येत नाही, ती चुरा होते. तेव्हा मी छप्पन्न कोपरे पटाशीने हाताने उघडले. आता खाचेची फेरी मोठ्या कटरने आणि कोपरे पाव इंचाच्या कटरने, असे दोन टूलपाथ (कटरचे मार्ग) मी न चुकता ठेवतो.

समोरचे, म्हणजे डोळ्यांना दिसणारे कोपरे हा वेगळा विषय आहे. प्रोफाइल साधा ४५ अंशांचा उतार असेल, तर ९० अंशांचा व्ही-बिट (टोकदार कटर) कोपऱ्यात तिरका वर उचलत नेला की टोकदार कोपरा मिळतो. ६ मिमी खोलीसाठी त्याने कर्णावर सुमारे ८.५ मिमी सरकत शून्यापर्यंत वर यायला हवे. प्रोफाइल वळणदार असेल, तर ही युक्ती चालत नाही. तिथे बारीक बॉल-नोज (गोल टोकाचा कटर) घेऊन कोपरा थ्रीडीमध्ये घासावा लागतो, आणि वेळ इतका जातो की गिऱ्हाइकाला नमुना दाखवून गोल कोपराच मंजूर करून घेणे मला शहाणपणाचे वाटते. टोकदार कोपरा आणि वळणदार प्रोफाइल दोन्ही हवे असेल, तर उभ्या-आडव्या पट्ट्या वेगळ्या काढून जोडण्याची जुनी सुतारी पद्धतच बरी.

कडा करपत असतील, तर बिट बदलण्याआधी वेग पाहावा. १८,००० आरपीएमला दोन धारांचा कटर मिनिटाला १२ मीटर चालला तर प्रत्येक धार ०.३३ मिमी कापते. तोच ४ मीटरने चालवला तर ०.११ मिमी कापते, म्हणजे कापण्यापेक्षा घासतेच जास्त.

इथे आल्यावर खरा गोंधळ इंचांचा होतो. बोर्ड पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी असतो, एमडीएफची शीट बहुधा ४९ बाय ९७ इंच असते आणि मापे बत्तिसांशात बोलली जातात. प्रोग्राम चालवण्यापूर्वी जी२० (इंच) आहे की जी२१ (मिमी) हे पाहण्याची सवय आत्ताच लावून घ्यावी. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी होते आणि घन लाकडाची चौकट आकसते, म्हणून तिच्यात काच कधीही करकचून बसवू नये.

आता व्हिसाविषयी. इथल्या व्यवसाय-वर्गीकरणात लाकूडकामाच्या यंत्राचा ऑपरेटर ९४१२४ या क्रमांकात, म्हणजे चौथ्या टीअरमध्ये (कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी; आकडा लहान तितकी वरची) येतो, आणि कॅबिनेटमेकर ७२३११ मध्ये, म्हणजे दुसऱ्या टीअरमध्ये. एक्स्प्रेस एंट्रीसाठी (कायम वास्तव्याच्या अर्जांच्या योजनेसाठी) तिसऱ्या टीअरपर्यंतचाच अनुभव धरतात, आणि पाहतात ते हुद्दा नव्हे, तर प्रत्यक्ष कामे. आपण ड्रॉइंग वाचणे, जोडणी करणे आणि फिटिंग करणे ही कामे खरोखरच करत असाल, तर अनुभवपत्रात ती सविस्तर लिहून घ्यावीत. करत नसाल, तर लिहून घेऊ नयेत. मालकाने एलएमआयए (परदेशी कामगार नेमण्यासाठीचा सरकारी मंजुरीचा दाखला) काढला असेल, तर त्याचे १००० डॉलर शुल्क त्यानेच भरायचे असते आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे, त्यामुळे कोणी एजंट त्या नावाखाली पैसे मागू लागला तर तिथेच थांबावे.

मुलाखतीच्या दिवशी एक तयार शटर जवळ ठेवावे आणि कॅमेऱ्यासमोर त्याची मागची बाजू आधी धरावी. खाचेचा कोपरा कोणत्या कटरने काढला आणि काचेला किती मोकळीक ठेवली, हे आपण विचारण्याआधीच सांगितलेत, तर पुढचे प्रश्न बहुधा पगाराचे असतील.