हुक्क्याचा धूर पाण्यातून गाळला जातो, मग तो सिगारेटपेक्षा सौम्य नसतो का?

नसतो. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी तास संपल्यावर दबक्या आवाजात विचारतोच. पाण्यातून गेलेला धूर थंड होतो, म्हणून तो घशाला बोचत नाही, आणि त्या गारव्यालाच आपण शुद्धता समजून बसतो. पाण्यात विरघळणारे काही पदार्थ थोडेफार अडतात हे खरे. परंतु धूर बुडबुड्यांतून क्षणार्धात वर येत असल्यामुळे त्यांच्या पोटातले बहुतेक सूक्ष्म डांबरी कण पाण्याला न शिवताच नळीत पोहोचतात, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

हा वायू मुख्यतः तंबाखूतून नव्हे, तर चिलमीवरच्या निखाऱ्यातून येतो. हुक्क्यातला तंबाखू काकवी, ग्लिसरीन आणि सुगंधी अर्कांत मुरवलेला असतो. तो सिगारेटसारखा स्वतः पेटत नाही, निखाऱ्याच्या आचेवर तापतो, त्यामुळे प्रत्येक झुरक्याबरोबर कोळशाचा धूरही छातीत जातो. कर्करोगकारक बेंझोपायरीन आणि बेंझीन यांचाही बराच वाटा कोळशाचाच असतो. साखर व ग्लिसरीन तापून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन ही विषारी रसायने तयार होतात. शिवाय शिसे, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल हे धातूही धुरात सापडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या 100 ते 200 पट आकारमानाचा धूर ओढला जातो. याचा अर्थ प्रत्येक विष शंभरपट असा मात्र नव्हे. पदार्थागणिक प्रमाण बदलते, आणि हा आकडा तसा वापरणाऱ्यांशी माझे नेहमी वाजते.

'हर्बल' हुक्क्यात निकोटीन नसले, तरी निखारा तोच असतो. महाराष्ट्रात 2018 च्या कायद्याने हुक्का पार्लरवर बंदी आली. पण घरी, दारे-खिडक्या लावून एसीत बसणाऱ्यांना कोण अडवणार? कार्बन मोनॉक्साइड रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट चिकटतो. अशा बैठकीत कोणाचे डोके दुखू लागले, चक्कर किंवा मळमळ जाणवली, तर ती 'किक' समजू नये. त्याला मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे न्यावे, आणि निखाऱ्याचा धूर ओढल्याचे त्यांना स्पष्ट सांगावे, कारण हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला ओळखता येत नाही आणि तो ऑक्सिजनचा आकडा बिनदिक्कत चांगला दाखवू शकतो.