महाराष्ट्राची जनता महिला मुख्यमंत्री स्वीकारेल का?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही एक वाक्य लिहिलंय, की गावाकडचे लोक बाईच्या हाताखाली राहतील असं वाटत नाही. माझी सगळी नोकरी ग्रामसेवक म्हणून गावाकडच्या लोकांतच गेली, म्हणून आधी या वाक्याचं उत्तर देतो. राहतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

2012 साली माझ्याकडच्या एका गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. पहिल्या मासिक सभेला बाई दाराजवळच्या खुर्चीवर, डोक्यावर पदर, आणि सरपंचाच्या खुर्चीत त्यांचे यजमान. इतिवृत्ताचं रजिस्टर मी बाईंपुढे सरकवलं. यजमानांनी ते आपल्याकडे ओढलं, वाचलं, मग बोट ठेवून म्हणाले, "इथं सही कर." सरपंचपती म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. तुमची शंका असल्याच सभांमधून आलेली असणार, आणि ती खोटी नाही.

पण 2013 चा दुष्काळ आला. टँकर रोज वरच्या आळीच्या विहिरीत रिकामा व्हायचा, कारण पुढं रस्ता नाही असं सगळेच सांगायचे. बाई स्वतः पहाटे घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या. ग्रामसभेत त्या उठल्या आणि म्हणाल्या, "खालच्या वस्तीच्या आडापर्यंत उसाची ट्रॉली जाते, मग टँकर कसा जात नाही?" यजमान उत्तर द्यायला उठले, तर त्यांच्याकडे वळून, "तुम्ही बसा जरा, मला बोलू द्या." मी पेन हातात धरून तसाच बसलो. कुणी हसलं नाही, कुणी उठून गेलं नाही. आठवड्याभरात टँकर खालच्या आडात रिकामा व्हायला लागला. पुढच्या मासिक सभेला बाई सरपंचाच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांना तिथून उठवायची हिंमत कुणाला झाली नाही.

लोकांची 'तयारी' म्हणतात ती अशी होते. बाई खुर्चीत दिसली, तिनं काम केलं, की लोक तिला सरपंच म्हणून गृहीत धरायला लागतात. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये हेच तपासलं होतं. एकच भाषण काहींना पुरुषाच्या आवाजात ऐकवलं, काहींना बाईच्या. जिथं महिला प्रधान, म्हणजे तिकडची सरपंच, कधी झालीच नव्हती, तिथं बाईच्या आवाजाला कमी गुण मिळाले. जिथं आरक्षणामुळं होऊन गेली होती, तिथं तो फरक जवळजवळ उरलाच नाही.

आता मुख्यमंत्रिपद. 1960 पासून महाराष्ट्राला एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही, हे मला फार लागतं. शेजारच्या गोव्यात पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेल्यावर 1973 मध्ये त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. वडिलांची पुण्याई होती हे खरंच. पण 1977 ला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानं त्यांच्याच नेतृत्वाखाली निवडणूक लढवली आणि लोकांनी त्यांना पुन्हा सत्तेवर बसवलं. तो मतदार मराठी-कोकणी बोलणारा, देवळात जाणारा, आपल्यासारखाच. गुजरातनं आनंदीबेन पटेल पाहिल्या, मध्य प्रदेशानं उमा भारती. मग आपलाच मतदार काय वेगळ्या मातीचा आहे?

जात-धर्माबद्दलही मला हेच म्हणायचंय. बंजारा समाजाचे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री राहिले. 1980 ला अंतुले झाले, तेव्हा महाराष्ट्राला मुसलमान मुख्यमंत्री चालेल का म्हणून मतदाराला कुणी विचारत बसलं नव्हतं. दिल्लीनं ठरवलं, ते झाले. 1982 च्या जानेवारीत ते गेले ते सिमेंट वाटपाच्या घोटाळ्याच्या आरोपावरून. त्यांच्याच काळात सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घेताना गावातल्या एकाही म्हातारीनं मला विचारलं नाही की ही कुणी सुरू केली, तो कोणत्या धर्माचा. दलित समाजाचे सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना 2004 ची निवडणूक झाली, आघाडी पुन्हा सत्तेवर आली, आणि मुख्यमंत्री मात्र विलासराव झाले. तो बदल मतदारानं केलेला नव्हता.

आणि प्रतिभाताई पाटील. आमदार, मंत्री, विरोधी पक्षनेत्या, सगळं झाल्या, पण मुख्यमंत्री नाही. 2007 मध्ये पक्षांना वाटलं तेव्हा त्या राष्ट्रपती झाल्या. एनडीएत असूनही शिवसेनेनं मराठी म्हणून त्यांना मतं दिली. वरच्यांच्या मनात आलं की अडचणी कशा विरघळतात, ते त्या एका निवडणुकीत दिसलं.

मुख्यमंत्री आपण थेट निवडत नाही. तो आमदारांतून आणि पक्षश्रेष्ठींच्या बैठकीतून येतो. 288 च्या सभागृहात आज दहा टक्केही बायका नाहीत, तर त्या बैठकीत बाईचं नाव घेणार कोण? 2023 ला विधानसभेच्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव ठेवणारा कायदा झाला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली. ग्रामपंचायतीत असली अट घातली असती, तर आमच्या बाई आजही दाराजवळच्या खुर्चीवर असत्या.

त्यांचं पुढं काय झालं तेही सांगतो. 2017 च्या फेब्रुवारीत त्यांनी पंचायत समितीसाठी एका पक्षाकडं तिकीट मागितलं. तालुक्याच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, गण, म्हणजे मतदारसंघ, खुला आहे, बाईमाणसाला लोक स्वीकारणार नाहीत, राखीव निघेल तेव्हा बघू. तिकीट एका पुढाऱ्याच्या पुतण्याला गेलं. त्याच वर्षाअखेरीस आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंच पहिल्यांदाच थेट जनतेतून निवडायचा होता, आणि पद खुलं होतं. बाई दोन पुरुषांविरुद्ध उभ्या राहिल्या. 2012 ला पारावर बसून "आता बाईचं राज्य" म्हणून कपाळाला हात लावणारे एक आजोबा होते. या वेळी ते काठी टेकत घरोघर त्यांच्यासाठी मतं मागत फिरत होते. मी विचारलं तर म्हणाले, "टँकर माझ्या दारात तिनं आणला." बाई निवडून आल्या, आणि सगळ्यात जास्त मतं खालच्या वस्तीच्या वॉर्डातून पडली.