मॅमन, आमेन आणि अनामत रक्कम

प्रश्न असा आहे: ‘उपासकाळातल्या एका प्रवचनात “आजची मूर्तिपूजा म्हणजे मॅमनची पूजा” असं ऐकलं. हा मॅमन कुठल्या लोकांचा देव? आणि लिहिताना मॅमनची की मॅमनाची?’

कुठल्याच लोकांचा नाही. ‘मॅमन हा सिरियातला धनाचा देव’ हे कुणीतरी एकदा लिहिलं आणि तेव्हापासून प्रवचनकार ते एकमेकांकडून उचलत आले आहेत. त्या नावाचं देऊळ, शिलालेख, मूर्ती यांतलं काहीही सापडलेलं नाही. येशू बोलत असे त्या अरामी भाषेतला तो साधा शब्द आहे: मालमत्ता, पैसाअडका. बायबलच्या नव्या करारात तो चारदा येतो, एकदा मत्तयच्या शुभवर्तमानात (६:२४) आणि तीनदा लूकच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायात. ग्रीकमध्ये तो भाषांतर न करता ‘मामोनास’ म्हणून तसाच ठेवला गेला, बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनेही त्याला हात लावला नाही. परका शब्द असा सुटा राहिला की वाचणाऱ्याला ते कुणाचं तरी नाव वाटू लागतं. मग मध्ययुगाने त्याला शिंगं लावली, आणि १५८९ साली जर्मनीतल्या ट्रिअरचे सहायक बिशप पेटर बिन्सफेल्ड यांनी ख्रिस्ती परंपरेतल्या सात मुख्य पापांना सात सैतान वाटून दिले, तेव्हा हाव मॅमनच्या वाट्याला आली. सैतान म्हणून त्याची कारकीर्द ही अशी नंतरची.

तो साधा शब्द होता, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (६:५) देवावर पूर्ण शक्तीने प्रीती कर, असं सांगितलं आहे. ही शक्ती कोणती? मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या धर्मनियमसंग्रहात (बेराखोत ९:५) उत्तर आहे: आपल्या सगळ्या ‘मामोन’निशी, म्हणजे मालमत्तेनिशी. देवावर प्रीती करायला सैतान सोबत घेऊन जा, असं कुठला रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, सांगेल? ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतला. तोही सांगतो की तिकडच्या प्युनिक भाषेत मॅमन म्हणजे नफा.

आता खरी गंमत. या शब्दाचा धातू बहुतेक अभ्यासक अ-म-न हा मानतात: पक्कं असणं, भरवसा ठेवण्याजोगं असणं. प्रार्थनेच्या शेवटी येणारा ‘आमेन’ याच धातूचा. पुढे ‘म’ लावून नाम बनवायची सेमिटिक भाषांची (हिब्रू, अरामी, अरबी वगैरे) जुनी खोड आहे. ती मराठीला परकी नाही: ‘नजर’ आणि ‘मंजूर’ एकाच घरचे, ‘जिक्र’ आणि ‘मजकूर’ही तसेच. त्याच रीतीने अ-म-न वरून ‘मअमोन’, आणि मधला अ गिळला गेल्यावर ‘मामोन’. ज्यावर भरवसा टाकावा ते. हाच धातू अरबीतून फारसीमार्गे आपल्या दारी आला आहे. ‘इमान’ त्यातला, बेइमानही त्यातला, कचेरीतला ‘अमीन’ त्यातला, आणि अरबी ‘अमानत’ची अक्षरं उलटीपालटी होऊन झालेली आपली ‘अनामत’ही त्यातलीच. म्हणजे निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते ती रक्कम आणि चर्चमधला ‘आमेन’ एकाच मुळाचे, आणि मॅमन त्यांचा भाऊबंद. (उत्साहात ‘इनाम’ आणि ‘जामीन’ या कुटुंबात ओढू नका. ‘इनाम’चं मूळ न-ए-म, त्यातला मधला वर्ण अरबी ‘ऐन’. ‘जामीन’चं मूळ ‘ज्वाद’ने सुरू होणारं, हमी घेणं या अर्थाचं. कानाला सारखं लागलं म्हणजे नातं जुळलं असं होत नाही.)

काही कोशकार मॅमन हा ‘मटमोन’चा, म्हणजे लपवलेल्या खजिन्याचा अपभ्रंश मानतात. जुन्या करारातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात (४३:२३) गोण्यांत सापडलेल्या पैशासाठी ‘मटमोन’ आहे खरा. पण मधला ‘ट’ पुढच्या ‘म’मध्ये विरला असता, तर ‘म’ दुहेरी व्हायला हवा होता. चांगल्या ग्रीक हस्तलिखितांत तो एकेरी आहे; इंग्रजीतला जोड ‘म’ नंतरच्या लॅटिन लेखनाची देणगी. ज्या अक्षरावर सिद्धान्त उभा करायचा, ते अक्षर मुळात आहे का एवढं तरी पाहावं! शिवाय लूक १६:११ वाचा. अनीतीच्या मॅमनाबाबत विश्वासू राहिला नाहीत, तर खरं धन तुमच्यावर कोण सोपवील, असा सवाल तिथे आहे. विश्वासू, मॅमन, सोपवणं, खरं: चारही शब्द अरामीत अ-म-न वर खेळवता येतात. ‘लपवणं’ घेतलं की सगळा खेळ मोडतो.

म्हणून माझा आग्रह असा की मॅमन म्हणजे हाव हे समीकरणच अपुरं आहे. मॅमन म्हणजे भरवसा, चुकीच्या जागी ठेवलेला. कलस्सैकरांस पत्रात (३:५) लोभाला मूर्तिपूजा म्हटलंय म्हणून प्रवचनं मॉल, मोबाइल आणि लग्नातल्या उधळपट्टीवर तुटून पडतात, आणि काटकसरीने मुदतठेवी रचत जाणारा श्रोता निर्धास्त मान डोलावतो. लूक १२ मधला श्रीमंत शेतकरी पाहा: त्याने एक पैसा उधळलेला नाही. जुनी कोठारं पाडून मोठी बांधायची, मग पुष्कळ वर्षं चिंता नाही, एवढाच त्याचा बेत. निवृत्तीच्या नियोजनाची जाहिरात याहून वेगळं काय सांगते? मॅमनला आरती लागत नाही, धूप लागत नाही. दोन धन्यांची, देवाची आणि मॅमनची, सेवा करता येत नाही, असं सांगणाऱ्या मत्तय ६:२४ मधलं क्रियापदही पूजेचं नाही, ‘दुलेउएइन’ आहे, गुलाम म्हणून राबणं. तिथे ‘सेवा’ हा शब्द फारच गुळगुळीत, आता तो बँकेच्या काउंटरवरही असतो. ‘चाकरी’ बरा.

मराठी बायबलात मॅमनच्या जागी ‘धन’ आहे. त्यात अनामतीचा धागा तुटतो, पण एक वेगळाच लाभ होतो: दोन धन्यांची गोष्ट चालू असताना ‘धन’ येतं, आणि धनी कोण नि धन कोण हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ग्रीकमध्ये ‘किरिओस’ (धनी) आणि ‘मामोनास’ यांचा असा काही संबंध नाही. भाषांतराने मूळावर केलेली ही कुरघोडी मला मान्य आहे, पण ‘ठेव’ही एकदा वापरून पाहायला हवा होता.

पैशामागे देवता हवीच असेल तर ती ‘मॅमन’मध्ये नाही, इंग्रजी ‘मनी’मध्ये आहे. रोममध्ये कॅपिटोलाइन टेकडीवर जुनो मोनेटा या देवीचं देऊळ होतं, इ. स. पूर्व ३४४ मध्ये अर्पण केलेलं. त्याच्या शेजारी टांकसाळ आली आणि ‘मोनेटा’चे ‘मनी’ आणि ‘मिंट’ (टांकसाळ) झाले. हे प्रवचनात कुणी सांगत नाही.

राहिला ‘ची’ की ‘आची’. सामान्यनाम मानत असाल तर मॅमनाची. चर्चच्या जुन्या मराठीत योहानाची, पौलाची अशी विशेषनामांचीही सामान्यरूपं होतात, त्यामुळे नाव मानलं तरी ते चालेल. आजच्या बोलण्यात जॉनची तसं मॅमनची, तेही चूक नाही. मूळ उच्चाराजवळ जायचं असेल तर ‘मामोन’ लिहा, मग मामोनाची.